सव्वादोन बोटं

पहाटे साडेपाचच्या सुमारास आमच्या ग्रुपवर आकडे यायला लागायचे. दोन. दीड. एक. पावणेदोन, काल थंडी होती. सुप्रभात नाही, फुलांचे फोटो नाहीत. नुसते आकडे एकाखाली एक वर येत राहायचे, तलावाच्या तळाशी कोणी श्वास सोडत असावं तसे. मी अंथरुणातच असायचो. अड्याळला हिवाळ्यात त्या वेळी खिडकीबाहेर काहीच दिसत नाही. धानाच्या बांध्यांवरून उठलेलं धुकं रस्त्यापर्यंत आलेलं असतं. धड जाग नाही, धड झोप नाही, आणि हातातल्या त्या चौकोनी उजेडात मला एकेक तोंड दिसायचं. कोणालाच प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, तरी दिसायचं. कोणी न्हाणीच्या दाराशी, कोणी चुलीपुढं, कोणी गोठ्यात उभं राहून आपलीच बोटं तोंडात घालून पाहतं आहे, आणि जे माप निघालं ते इमानदारीनं लिहितं आहे.

इमानदारीनं हा शब्द लिहायचा हक्क मला नाही. पण दुसरा सुचत नाही.

मोजायची रीत साधी होती. अंगठ्याजवळचं, मधलं आणि त्याच्या बाजूचं अशी तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि समोरच्या दातांच्या फटीत घालून पाहायची. चांगल्या माणसाच्या तोंडात तिन्ही जातात. आमच्या जात नव्हती. आम्ही सगळे खर्रा खाणारे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीवर घेऊन पानठेल्यावर तो घोटघोट घोटतात, ओला हिरवट होईपर्यंत, आणि त्या पुडीतून चौघं चौघं चिमटी उचलतात. आमच्याकडं माणूस भेटला की हात आधी खिशात जातो, मग तोंडावर हसू येतं. वर्षानुवर्षं खाल्ला की गालाच्या आतलं मांस दोरीसारखं आवळत जातं. दुखत नाही फारसं. एक दिवस जांभई अर्ध्यात अडकते, तेव्हा कळतं.

मी टेलर. अड्याळच्या बाजारातल्या गल्लीत माझं दुकान आहे, एक मशीन माझी, एक कारागिराची. मशीनवर बसलं की तोंडात खर्रा हवाच, तो असला की पाय आपोआप चालतात आणि मन कुठंतरी लांब, पाण्यावरून गेल्यासारखं जात राहतं. तोंड बंद होत गेलं तसं माझं बोलणंही कमी झालं. गंमत म्हणजे त्यामुळं माझी इज्जत वाढली. गिऱ्हाइकं म्हणायची, माणूस शांत आहे, कोणाची चुगली करत नाही, बायांचं माप घेताना मान वर करत नाही. मला भांडता येत नव्हतं, कारण भांडायला तोंड उघडावं लागतं. लोक त्याला स्वभाव समजले, आणि पुढं पुढं मीही समजलो.

ग्रुप काढला होता एका काकाजींनी. जवाहरनगरला कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, तिथल्याच क्वार्टरांजवळ घर बांधून राहिलेले. त्यांचा डावा जबडा ऑपरेशनमध्ये काढला होता. ते बोलले की समोरच्याला कळत नसे, म्हणून ते फक्त लिहीत. त्यांचे नियम तीन ओळींचे होते. रोज सकाळी माप लिहायचं. कोणी कोणाला उपदेश करायचा नाही. आणि तोंडातली कोणतीही जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर घरी बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं आणि तोंडावर विचारायचं की साहेब, तुकडा काढून तपासणार का. हा प्रश्न त्यांनी आम्हाला पाढ्यासारखा शिकवला होता. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची, योजनेच्या कार्डाला कोणकोणते कागद लागतात, एकटं माणूस नागपूरच्या दवाखान्यात जायला घाबरत असेल तर सोबत कोण जाईल, हे सगळं ते लिहून ठेवत. कितीतरी जणांना त्यांनी अशी सोबत गाठून दिली. भंडाऱ्याचा माणूस लाखनीच्या माणसासोबत गेला, दोघांनी एकमेकांना त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी ग्रुपवर आलो तेव्हा माझं माप दीड होतं, आणि ते खरं होतं. पहिले दीड महिने मी एक चिमटीही खाल्ली नाही. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर दोन दिवसांनी एक काडी वाढवायची, हा व्यायाम काकाजींनी सांगितला होता. तो मी दुकानात पडद्यामागं बसून करायचो. डोळ्यांतून पाणी यायचं. पण एका सकाळी बोटं थोडी आत सरकल्यासारखी वाटली आणि मी लिहिलं, पावणेदोन. काकाजींचं उत्तर आलं, शाबास. एवढंच. मला शाळेत कोणी कधी शाबास म्हटलं नव्हतं.

मग लग्नसराई आली. ब्लाऊजांचे ढीग, कारागीर गावी गेलेला, आणि समोरच्या पानठेल्यावर घोटण्याचा तो आवाज, ओल्या पन्नीचा, लयीत. एका दुपारी मी रस्ता ओलांडला. पानठेलेवाल्यानं काही विचारलं नाही. त्यानं पुडी अशी दिली जशी मधले दीड महिने झालेच नव्हते. तोंडात टाकल्यावर डोक्यात उजेड पसरला, सगळं लांब गेलं, आणि मी संध्याकाळपर्यंत एकोणीस ब्लाऊज बेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकडे यायला लागले. बोटं घालून पाहिली. दीडच्याही आत. मोबाईल हातात होता, धुकं खिडकीला लागून होतं, आणि मी लिहिलं, दोन.

एवढ्या सहज लिहिलं गेलं की मला ते खोटं वाटलंच नाही. स्वप्नात आपण उडतो तेव्हा कुठं आश्चर्य वाटतं? लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले. बोटाच्या एका पेराएवढा तो आनंद मला दिवसभर पुरला. आठवड्यानं मी लिहिलं, सव्वादोन. त्यापुढं मात्र गेलो नाही. तीन लिहायची हिंमत नव्हती, आणि मागं यायची लाज. सव्वादोनवर मी वर्षभर राहिलो, रोज खर्रा खात.

लोक मला विचारू लागले. भाऊ, तुम्ही काड्या किती मिनिटं धरता? भाऊ, गरम पाण्याच्या गुळण्या आधी की नंतर? मी लिहायचो, आणि जे लिहायचो ते बरोबरच होतं, काकाजींकडूनच शिकलेलं. लिहून पुरेना तेव्हा मी बोलून निरोप पाठवू लागलो आणि माझा आवाज ग्रुपवर सगळ्यांच्या ओळखीचा झाला. प्रत्यक्षात चार वाक्यं न बोलणारा मी तिथं पाच पाच मिनिटं बोलायचो. आमच्या सगळ्यांचे आवाज सारखेच यायचे, दात मिटलेले, शब्द ओठांवरून घसरत आलेले. बाहेरच्या माणसाला ते कळले नसते. आम्हाला कळायचे. मला वाटायचं, जगात एक गाव असं आहे जिथं सगळे असेच बोलतात आणि तिथला मी पाटील आहे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आसगावची एक बाई ग्रुपवर आली. शेतकऱ्याच्या घरची, दीड-दोन एकर धान, नातवंडं असलेली. रोवणीत बायकांसोबत चिखलात वाकून वाकून खर्ऱ्याची सवय लागली, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिच्या आवाजामागं कोंबड्या असायच्या आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी ती स्वतःच हसायची.

“माह्यं एक बोट जाते भाऊ. पन माह्यी बोटं हायेत बारीक, तं एक समजू नका, पाऊन समजा.”

सगळ्यांना ती आवडली. सगळे तिला ताई म्हणू लागले, मीही.

एक दिवस तिनं लिहिलं की उजव्या गालाच्या आत एक जखम आहे, तिखट लागलं की जीव जातो, महिना होत आला. काकाजींनी तिथल्या तिथं उत्तर दिलं. दाखवा, तुकडा तपासायला सांगा, सोबत लागली तर मी माणूस देतो. तिनं हात जोडलेलं चित्र टाकलं. आणि त्याच दुपारी मला एकट्याला तिचा आवाज आला.

“भाऊ, तुमाले खरं विचारतो. धान कापनीवर आलं आहे, घरी दुसरं मानूस नाही, नागपूरले गेली तं चार दिवस मोडतेत. तुमाले बी अशी जखम झाली होती काय? काड्यायनं बसली काय?”

मी दुकानात होतो. तोंडात खर्रा होता. रस्त्यावरून बैलगाडी चालली होती, तिच्या चाकांचा आवाज दुपारच्या उन्हात विरघळल्यासारखा येत होता. मला कधीच जखम झाली नव्हती. पण ती ज्या माणसाला विचारत होती, सव्वादोनवाल्या माणसाला, त्याला झाली असणार असं मला वाटलं. त्याला सगळं झालेलं होतं आणि सगळ्यातून तो बाहेर आला होता. मी पिंक टाकून आलो आणि तिला बोलून निरोप पाठवला.

“हो, झाली होती ताई. हळूहळू बसली.”

तिचा आवाज आला, हसरा. “मंग झालं तं. कापनी झाल्यावर पाहू.”

पुढचे तीन महिने मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतात, झोपेत ऐकलेल्या बोलण्यासारखे. धान कापलं गेलं. बांध्या पिवळ्या झाल्या, मग त्यांत लाखोळीचं कडधान्य उगवून आलं आणि जमीन पुन्हा हिरवी झाली. पहाटेचे आकडे येत होते. ताईचा आकडा एकवरून पाऊणवर आला. मग ती नुसतं “तेवढंच” लिहू लागली. तिच्या आवाजातलं हसू आधी आखूड झालं, मग गेलं. माझ्या मनात एक दार होतं ज्यामागं मला ते सगळं माहीत होतं. मी त्या दारासमोरून रोज जात होतो, हळू पावलांनी, आतल्याला जाग येऊ नये म्हणून.

माझी बायको फार शिकलेली नाही आणि फार गप्पही नाही. जानेवारीत एका सकाळी तिनं माझ्यासमोर एक पेरू ठेवला.

“चिरून दे,” मी म्हटलं.

“सव्वादोन बोटं जातेत म्हनता ना. पेरू तं दीड बोटाचाच आहे.”

मी पेरूची बशी तिच्याकडं लोटली.

“खोटं बोलाले तं बराबर उघडते तुमचं तोंड,” ती म्हणाली आणि स्वतःच चिरायला बसली. “खिशातल्या पन्न्या मी काही पाहाले जात नाही. धुतानी हाताले लागतेत.”

“तुले माहीत होतं?”

“अख्ख्या अड्याळले माहीत आहे. तुमच्या मोबाईलमधल्या लोकायलेच तेवढं नाही.”

तिनं एक बारीक फोड माझ्याकडं सरकवली. मग सुरी थांबवून म्हणाली, “ते आसगावची बाई. तिचा आवाज बसून राहिला. पहिले अशी नव्हती बोलत.”

ती स्वयंपाक करता करता इतके दिवस सगळ्यांचे आवाज ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला ताईला काय सांगितलं होतं ते सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, खोटं दोनच वाक्यांचं होतं.  ती उठली, खुंटीवरची गाडीची चावी काढली आणि बशीच्या बाजूला ठेवली.

पवनी ओलांडून आसगावला जाईपर्यंत दहा वाजले. वाटेत लाखोळी फुलावर होती. निळी, इतकी बारीक निळी की जमिनीवर आभाळाचा पापुद्रा सांडल्यासारखा वाटावा. मी गाडी हळू चालवत होतो. एक मन म्हणत होतं की अशीच चालत राहावी ही सडक, आसगाव येऊच नये. काय बोलायचं ते मी जुळवून पाहत होतो, आणि प्रत्येक वेळी वाक्य माझ्याच बाजूनं वळत होतं. कामाची गर्दी होती, कारागीर नव्हता, वाईट हेतू नव्हता.

तिचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. ती अंगणात उन्हाला बसली होती, धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून, पदराचं टोक गालाला धरून. मी कल्पनेत पाहिलेल्या बाईपेक्षा ती खूप लहान चणीची होती. मी नुसतं “ताई” म्हटलं आणि तिनं मान वर केली.

“सव्वादोनवाले भाऊ,” ती म्हणाली. “आवाजानं वळखलं.” तिनं घराकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली. “अवो, पाहा कोन आलं. ते खर्रा सोडनारे.”

नवरा बाहेर आला. हसतमुख, उन्हानं काळवंडलेला माणूस. त्यानं मला खाट ओढून दिली, समोर बसला, आणि बसता बसता त्याचा हात खिशात गेला. पुडी निघाली. त्यानं ती तळहातावर उघडली आणि माझ्यापुढं धरली. मग त्याच्या लक्षात आलं.

“अरे, तुमाले कायले देऊन राहिलो मी. हाताची सवय जात नाही, माफ करा भाऊ.”

तो पुडी मागं घ्यायला लागला. मी हात पुढं केला आणि चिमटी उचलली.

ती चिमटी मी तोंडात टाकली नाही. तळहातावर ठेवून बसलो. पण उचलली कशी, हे दोघांनीही पाहिलं. ती चिमटी सोडलेल्या माणसाची नव्हती. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मला त्यानंतर लागली नाहीत.

“मी सोडला नाही ताई. दीड महिना सोडला होता. त्यानंतर रोज खातो.”

“आनि सव्वादोन?”

“एक जाते. कधी दीड.”

ती माझ्या तळहाताकडं पाहत होती. “मंग तुमची ते जखम?”

“झालीच नव्हती.”

“झालीच नव्हती,” ती म्हणाली. “मंग बसली कशी?”

 कोंबड्या अंगणातून चालत गेल्या, त्याच ज्या मी कितीदा ऐकल्या होत्या. नवऱ्यानं पुडी गुंडाळून खिशात टाकली आणि उठून गोठ्याकडं गेला, तिथं काही काम नसताना.

“तीन महिने,” ती म्हणाली, “मी त्या काड्या तोंडात धरून बसली. रगत यायचं. मी म्हनो, भाऊचं बसलं तं माह्यं बी बसन. पोरगी बोंबलत होती जाय जाय. तिले मी तुमचा आवाज ऐकवला.”

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज सपाट होता, माप सांगितल्यासारखा. तिनं पदर बाजूला करून गाल दाखवला. बाहेरून फक्त थोडा फुगलेला होता.

“उद्या पहिल्या गाडीनं जातो मी. तुमी बी यायचं.”

“मी आत्ताच काकाजींना सांगून सोबतीला...”

“सोबतीले नाही,” ती म्हणाली. “तुमी यायचं.”

नागपूरच्या दवाखान्यात आम्ही तिघं दुपारपर्यंत बाकावर बसलो होतो. लांबलचक व्हरांडा होता, टोकाला खिडकी, आणि लोक त्या उजेडातून काळ्या आकृत्यांसारखे येत होते आणि जवळ आल्यावर चेहरे होत होते. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. मला वाटलं, हाच आमचा ग्रुप आहे, आज आकडे अंगात येऊन चालत आहेत. माझं डोकं हलकं झालं होतं. कालपासून मी खर्रा खाल्ला नव्हता.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी ताईला खुर्चीवर बसवलं, दिवा ओढला.

“किती दिवसांपासून आहे?”

“चार महिने,” ताई म्हणाली.

“चार महिने? मग इतके दिवस का थांबलात?”

 ताईचा नवरा जमिनीकडं पाहत होता. तिला सांगता आलं असतं. ती भिंतीवरच्या तोंडाच्या चित्राकडं बघत राहिली, आणि मला कळलं की ती जागा तिनं माझ्यासाठी सोडली आहे.

“माझ्यामुळं,” मी म्हटलं. “मी यांना खोटं सांगितलं. मला अशीच जखम झाली होती आणि व्यायामानं बरी झाली, असं सांगितलं. म्हणून या थांबल्या.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही कोण यांचे?”

काय सांगणार होतो? “मोबाईलवरच्या ग्रुपमधला,” मी म्हटलं.

“बरं, बाजूला व्हा. उजेड अडतो आहे.”

मी बाजूला झालो. इतक्या महिन्यांचं ओझं असं टाकलं आणि ते कोणी खाली वाकून पाहिलंही नाही. त्या तिच्या गालात बघत होत्या, तेच बरोबर होतं. ताईनं, तोंड जेवढं उघडत होतं तेवढ्यातून, काकाजींनी शिकवलेला प्रश्न विचारला. “तुकडा काढून तपासान ना बाई?” डॉक्टर म्हणाल्या, आजच काढते.

अहवाल यायला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आकडे सुरू झाले तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं. एक बोट. सव्वादोन कधीच नव्हतं. सगळं लिहिलं, ताईचा उल्लेख तिची परवानगी घेऊन केला. तिनं “लिहा” एवढंच म्हटलं होतं.  आकडेच थांबले. मग तुमसरचा एक माणूस, जो नेहमी दोन लिहायचा, त्यानं लिहिलं, माझं दीड आहे. मग साकोलीच्या एकानं. मग आणखी एकीनं, जिनं कालच खर्रा सोडून सहा महिने झाल्याचे पेढे चित्रात वाटले होते. तो दिवस मी विसरणार नाही. सगळ्यांची तोंडं एकाएकी खरी, लहान झाली. संध्याकाळी मोबाईल पाहिला तर काकाजींनी मला ग्रुपमधून काढलेलं होतं. कारण लिहिलेलं नव्हतं.

मला फार राग आला, हे खरं सांगतो. वाटलं, बाकीचे खोटे आत आणि एकटा मी बाहेर. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला एकट्याला निरोप आला. “सगळ्यांनी स्वतःला फसवलं. तुम्ही तिला फसवलं. आधी स्वतःचं तोंड तपासून घ्या, कागदाचा फोटो पाठवा, मग बघू.” मी तपासून घेतलं. जखम नाही, पण गाल दगडासारखे. त्यांनी मला परत घेतलं ते खूप नंतर, उन्हाळ्यात. खर्ऱ्यातून मी अजून पुरता सुटलो असं म्हणत नाही. त्यानंतर तीनदा खाल्ला आणि तिन्ही वेळा सकाळच्या आकड्यापुढं तसं लिहिलं. आता सगळेच लिहितात, माप आणि त्यापुढं काल खाल्ला की नाही. आकडे लहान झाले आहेत. वाचायला तितके गोड लागत नाहीत.

ताईचा अहवाल तपासणीनंतर आठ दिवसांनी आला होता. कॅन्सरच होता. गालापुरता, मानेत उतरलेला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आधी आला असतात तर कमी कापावं लागलं असतं, हेही त्या म्हणाल्या. ते त्यांनी तिला सांगितलं, माझ्याकडं न पाहता, पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि ते माझ्याकडंच आहे.

ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळपासून बाहेर बसलो होतो. तिचा नवरा माझ्या बाजूला बसला नाही. समोरच्या बाकावर बसला. दुपारी त्यानं दोन चहा आणले, एक माझ्या हातात दिला आणि पुन्हा समोर जाऊन बसला.  चहा गार होईपर्यंत धरून ठेवला, गरम घेतला की गालांची आग होते, गारच पिता येतो मला.

उन्हं खिडकीतून सरकत आमच्या पायांपर्यंत आली आणि भिंतीवर चढली. मला मधे झोप लागली असावी. झोपेत आसगावची वाट होती आणि लाखोळी, आणि कोणी तरी हसत होतं. दार उघडल्याच्या आवाजानं जागा झालो. तिला बाहेर आणत होते. अर्धा चेहरा पट्टीखाली, नाकात नळी. डोळे उघडे होते, जड, पाण्याखालून बघितल्यासारखे. त्यांनी आधी नवऱ्याला शोधलं. तो धावत गेला आणि तिचा हात धरला. मग ते डोळे पुन्हा फिरू लागले, भिंतीवरून, बाकांवरून, हळूहळू.

मी उठलो आणि तिला दिसेन असा उभा राहिलो.